तिरप्या अक्षरातला शेरा

बेलापुरात एका सेक्टरच्या टोकाला बुद्धविहार आहे आणि विहाराच्या डोक्यावर वाचनालय. वारा खाडीकडून फिरला की शेजारच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या सुकत्या बोंबलांचा वास थेट कथासंग्रहांच्या कपाटात शिरतो. क्रांतीच्या आईने एकदा पुस्तक हुंगून विचारलं होतं, "हे वाचायचं की तळायचं?"

क्रांती नववीत. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी हजेरीला इतकं हळू "प्रेझेंट" म्हणायची, की बाई सरळ गैरहजेरी लावायच्या. मग शाळेत कम्प्युटरच्या तासाला पायथन ही कोडिंगची भाषा शिकवायला लागले आणि कसं कोण जाणे, त्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा आणि मशीनने तो मुकाट ऐकायचा, हे तिला असं काही लागू पडलं की विचारू नका. पोरीला कंठच फुटला. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन काय, वर्गशिक्षिकेला "मॅडम, तुमची एक्सेल शीट मी दोन मिनिटांत करते" काय! तिची मैत्रीण रुतिका म्हणायचीच, "आधी हिला बोलवावं लागायचं, आता गप करावं लागतंय."

तर अशी ही क्रांती, आणि तिच्या हाती एक काम आलं. नुसतं काम नाही, वाचनालयाच्या भगवानआबांचं काम.

भगवानआबा म्हणजे एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात आयुष्यभर वजनकाट्यावर बसलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी नि त्यांच्या बायकोने, शुभदाआजींनी, हे वाचनालय उभं केलं. शुभदाआजी मराठीच्या शिक्षिका होत्या. कोणी पुस्तकं दिली की आबा ती पिशव्या भरभरून वर चढवायचे आणि आजी कम्प्युटरवर यादी करायच्या. पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, आणि सगळ्यात शेवटी उजवीकडे एक रकाना, "शेरा".

हा शेरा म्हणजे वाचनालयाचा खरा खजिना होता. आजींनी प्रत्येक पुस्तक वाचून त्याच्यापुढे काहीतरी लिहून ठेवलं होतं, आणि तेही वेगळा फॉन्ट निवडून, तिरप्या, हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात. एका पाककृतीच्या पुस्तकापुढे होतं, "यातल्या शंकरपाळ्या दगड होतात. पुढच्याने दात सांभाळावेत." एका जाड्या कादंबरीपुढे, "पहिली शंभर पानं सोडून वाचावी. लेखकाने लिहायचीच सोडली असती तर जास्त बरं." हिवतापाच्या माहितीपुस्तिकेपुढे, "पुस्तक उत्तम. पण डास वाचत नाहीत." आणि एका साध्याशा कवितासंग्रहापुढे, "गंगाराम मोरे यांनी वर्षभर ठेवलं. परत देताना रडले. का ते विचारलं नाही."

क्रांती पुस्तकं घ्यायला जायची ती निम्मी हे शेरे वाचायलाच. एकदा तर तिने स्क्रीनचा फोटो काढून रुतिकाला पाठवलेला, खाली हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग लावून.

शुभदाआजी मागच्या पावसाळ्यात गेल्या. आणि त्यानंतर आबांचे डोळे जायला लागले. काचबिंदू. समोरचं थोडंसं गोल दिसायचं, बाकी सगळं कडेकडेने विझत चाललेलं. कम्प्युटरचा पडदा तर त्यांना नुसता उजेडाचा चौकोन.

एका संध्याकाळी ते क्रांतीला म्हणाले, "काय गो, ते मोबाईल हल्ली बोलून दाखवतात म्हणे सगळं. बातम्या वाचतात, मेसेज वाचतात."

"हो आबा. कम्प्युटर पण वाचतो. मराठीत."

"मग ह्याला सांग ना शुभदाचे शेरे वाचायला." आबा खुर्चीत जरा पुढे सरकले. "ती होती तेव्हा मी कधी ते वाचले नाहीत. तिला म्हणायचो, तू समोर बोलतेस तेच मला पुरे आहे. आता वाचावेसे वाटतात, तर डोळे नाहीत."

क्रांतीने त्याच मिनिटाला वाचून दाखवणारा फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला, यादी उघडली आणि बटण दाबलं. यंत्रातल्या बाईने घसा न खाकरता सुरुवात केली, "डी, के, स्वल्पविराम, एच, कंस पूर्ण..."

"ही कुठली भाषा?" आबा म्हणाले.

"आबा, हे तुम्ही माझ्यावर सोडा," क्रांती म्हणाली. वर्षभरापूर्वी हे वाक्य तिच्या तोंडून मेली तरी निघालं नसतं.

*

रुतिका दिवाळ्याची. तिचा मोठा भाऊ निकेश ऐरोलीत एका कंपनीत कोडिंग करायचा आणि सुट्टीच्या दिवशी बापाच्या होडीपाशी बसून जाळं विणायचा. क्रांती नि रुतिका त्याला तिथेच गाठायला गेल्या.

"मराठी नाय ते," निकेश सुईतून दोरा ओढत म्हणाला. "मराठीचं सोंग हाय. तुला दिसतो क, पन मशीनच्या पोटात हाय इंग्रजी डी. जुना फॉन्ट त्या डीवर 'क'चा मुखवटा चढवतो. मुखवटा तुझ्या डोळ्याला दिसतो, वाचनाऱ्या प्रोग्रॅमला नाय दिसत. त्याला युनिकोड पायजे. म्हनजे 'क' लिहिला तर पोटातपन 'क'च."

"मग प्रत्येक चिन्हाचा खरा मराठी तुकडा कोणता, त्याचा तक्ता करायचा, आणि प्रोग्रॅमने बदलून घ्यायचं. बरोबर?"

"बरोबर. ऱ्हस्व वेलांटी तेवढी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, ती उचलून मागे न्यावी लागेल. रफाराचं त्याच्या उलट." निकेशने वर बघितलं. "पन तू कशाला लिहितेस? लायब्ररीवाले याद्या साफ करायला एक तयार टूल वापरतात, मी लिंक देतो. ते मूळ फाईलला हात नाय लावत. काय केलं ते पायरी-पायरीने लक्षात ठेवतं, चुकलं तर मागे जाता येतं. नायतर फाईलच मला पाठव, मी बघतो."

आता इथे, अगदी इथे, क्रांतीने "बरं" म्हणायला हवं होतं. पण तयार टूल म्हणजे काय, तर माऊसने इथे क्लिक कर नि तिथे क्लिक कर. त्याला काय कोडिंग म्हणतात? आणि निकेशदादाने करून दिलं, तर आबांसमोर नाव कोणाचं?

"मी पायथनमध्येच करणार," ती म्हणाली. "स्वतः."

"घ्या," रुतिका म्हणाली. "शाणीला आता होडी पन स्वतःच वल्हवायचीय."

"कर बाय, कर," निकेश म्हणाला. "पन एक ध्यानात ठेव. मूळ फाईल हाय तशी राहिली पायजे. कॉपीवर काम करायचं नि नवीन नाव द्यायचं."

"एवढं कळतं मला!"

कळत होतंच की.

*

शाळा सुटली की क्रांती वाचनालयात. जुना फॉन्ट फक्त तिथल्या कम्प्युटरवर होता, म्हणून काम तिथेच करावं लागे. एका बाजूला जुना फॉन्ट, दुसऱ्या बाजूला तिचा तक्ता. कुठलं चिन्ह दाबलं की "अर्धा त" उमटतो, कुठलं दाबलं की मात्रा, हे हुडकता हुडकता तिला स्वप्नातही वेलांट्या उड्या मारताना दिसायला लागल्या. आबा बाजूला बसून असत. ती ओरडायची, "आबा, जोडाक्षर जमलं!" आणि आबा म्हणायचे, "जमणारच. शुभदा म्हणायची, ही पोर बोलत नाही पण बघते सगळं."

एका शनिवारी दुपारी तिने प्रोग्रॅम संपूर्ण यादीच्या कॉपीवर चालवला; काम पुरं झालं की बदललेला मजकूर त्या कॉपीतच साठणार होता. पुस्तकांची नावं सरसर मराठीत यायला लागली आणि मग गाडी अडकली. लाल अक्षरं. एक अनोळखी चिन्ह आलंय, तुझ्या तक्त्यात नाही, मी पुढे जाणार नाही, असं मशीन म्हणत होतं. तिने ते चिन्ह तक्त्यात घातलं. लगेच दुसरं. दुसरं घातलं, तर तिसरं. एखादा खवीस दारात आडवा पडावा तसा तो एरर हटेना.

खाली विहारात उद्याच्या कार्यक्रमाची झाडलोट चालली होती. रविवारी वंदनेनंतर आबांनी सगळ्यांना वर बोलावलं होतं, "आमची क्रांती यादी बोलकी करतेय" म्हणून. तिने एररचं वाक्य जसंच्या तसं इंटरनेटवर टाकलं. जगात कोणालातरी हाच त्रास झालेला होता आणि कोणीतरी त्याला उत्तरही दिलेलं होतं. तक्त्यात चिन्ह सापडलं नाही तर थांबू नकोस, त्या जागी प्रश्नचिन्ह टाक आणि पुढे चल, असं सांगणारा एवढासा तुकडा. तिने तो उचलला, चिकटवला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

एकही एरर नाही!

तिने टेबलावर अशी थाप मारली की आबा दचकले. नावं मराठीत, लेखक मराठीत, विषय मराठीत. वर-खाली, वर-खाली, जिथे बघावं तिथे खणखणीत मराठी. एरर नाही म्हणजे सगळं बरोबर, असा तिचा साधा हिशोब होता. शेऱ्याचा रकाना उजवीकडे, पडद्याच्या बाहेर होता.

आता नाव. नवीन फाईलला नवीन नाव द्यायला हवं, हे तिला आठवत होतं. पण आबांना पडद्यावरची ती एकच जागा अंदाजाने सापडायची, डावीकडून वर, त्या एकाच नावाची फाईल. दोन फाईली झाल्या की आबा गोंधळणार. म्हणून तिने बदललेल्या कॉपीला जुनंच नाव दिलं. "ही बदलायची आहे का?" मशीनने विचारलं. हो. जुनी काय, आबांच्या पेनड्राइव्हवर आहेच.

"झालं का गो?" आबांनी विचारलं.

"झालं! थांबा, तुम्हाला एक शेरा ऐकवते."

"नको." आबांनी चटकन तिच्या मनगटावर हात ठेवला. चेहरा असा, जणू लहान मूल खाऊ पुरवून पुरवून खातंय. "आज नको. उद्या सगळ्यांच्या देखत ऐकू. एवढे दिवस थांबलो, एक रात्र काय."

बंद करायची वेळ झाली होती. वाचनालय बंद करायची शुभदाआजींनी घालून दिलेली एक रीत होती आणि आबा ती आरतीसारखी पाळायचे. आधी खिडकी. मग पंखा. मग बाबासाहेबांच्या तसबिरीला नमस्कार. आणि शेवटी पेनड्राइव्ह. दिवसभराची फाईल त्याच्यावर उतरवायची, आदल्या दिवशीची बदलून टाकायची आणि पेनड्राइव्ह खिशात घालून घरी न्यायचा. "आग लागो, पूर येवो, यादी माझ्या घरी सुरक्षित," असं आजी म्हणायच्या. आबांनी एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. आजी गेल्या त्या दिवशीसुद्धा.

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि कम्प्युटरच्या अंगावर चाचपडायला लागले. भोक सापडेना.

"द्या आबा, मी लावते," क्रांती म्हणाली. तिने लावला. आबांनी नेहमीच्या सवयीने कॉपी केलं. "बदलायची आहे का?" मशीनने पुन्हा विचारलं आणि क्रांतीने त्यांचा हात धरून माऊस "हो"वर नेला.

जिना उतरताना ती शीळ घालत होती.

*

रविवारी वर पाय ठेवायला जागा नव्हती. चप्पलांचा ढीग जिन्यापर्यंत आलेला. विहाराचे सचिव कमळाकरकाका गुलाबाचं फूल घेऊन सज्ज. रुतिका कपाटाला टेकून उभी होती आणि क्रांतीला बघून कॉलर ताठ करून दाखवत होती. आबांनी पांढराशुभ्र सदरा घातला होता, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून ताठ बसले होते.

क्रांतीने बटण दाबलं. यंत्रातली बाई पुस्तकांची नावं वाचायला लागली. स्पष्ट, मराठीत. टाळ्या! कमळाकरकाका म्हणाले, "वा! आता आमच्या पेन्शनचा अर्जपण हिच्याकडूनच वाचून घ्यायचा."

"आता शेरा," आबा म्हणाले. "कुठलाही लाव."

क्रांतीने पडदा उजवीकडे सरकवून शेऱ्याच्या पहिल्या चौकोनावर बाण नेला.

"प्रश्नचिन्ह," बाई म्हणाली. "प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह..."

लोक हसले. कमळाकरकाकाही हसले, "शुभदाताईंचे प्रश्न काही संपत नाहीत!" क्रांतीपण हसली आणि खालच्या ओळीवर गेली. प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह. आणखी खाली. मग एकदम तळाला. पडद्यावर उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत मुंग्यांसारखी नुसती प्रश्नचिन्हं पसरलेली. मध्ये मोकळ्या जागा, कुठे एखादा आकडा, कुठे पूर्णविराम. बाकी अक्षर म्हणून नाही.

तिला क्षणात सगळं कळलं. तिरपी अक्षरं. तिरप्या अक्षरांचा फॉन्ट वेगळा, म्हणजे आतली चिन्हंही वेगळी. तिचा तक्ता सरळ अक्षरांचा. एक एक अनोळखी चिन्ह दारात येऊन उभं राहत होतं, मशीन ओरडून सांगत होतं की याची ओळख पटत नाही, आणि हिने मशीनचं तोंड बंद केलं होतं.

"पेनड्राइव्ह," ती म्हणाली. आवाज जुना, गेल्या वर्षीचा आला. "आबा, पेनड्राइव्ह द्या."

आबांनी सदऱ्याच्या खिशातून काढून दिला. ती लावेपर्यंतच तिला आठवलं की काल संध्याकाळी हा तिनेच लावला होता.

"प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह," बाई म्हणाली.

आता कोणी हसलं नाही. कोणीतरी पंखा वाढवला. कमळाकरकाका गुलाबाचं काय करावं ते न कळून ते एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले.

"दुसरीकडे कुठे असेल ना?" आबांनी हळू विचारलं.

क्रांतीने मान हलवली. मग लक्षात आलं की त्यांना दिसत नाही. "नाही आबा."

"कागदावर?"

"नाही."

"हां. शुभदा म्हणायची, कागद कशाला फुकट घालवायचा." आबा उठले. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले. जिन्यात त्यांची चप्पल सापडेना म्हणून रुतिका धावली. तिने त्यांच्या पायांत ती सरकवली आणि त्यांचा हात धरून खाली गेली. क्रांतीने ते बघितलं. तिला खुर्चीतून उठता आलं नाही.

*

निकेश संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला. पुसलेल्या फाईली शोधणारा प्रोग्रॅम लावून बसला. कुठल्या तरी जुन्या जयंतीचे फोटो निघाले, कोणाचा तरी लग्नाचा मजकूर निघाला. यादी नाही.

"त्याच जागेवर नवी फाईल बसली," तो म्हणाला. "पेनड्राइव्हवरपन. प्रश्नचिन्हातून मागे नाय जाता येत. शंभर वेगळ्या मानसांना एकच मुखवटा घातलास, नि आतली मानसंच काढून टाकलीस. आता मुखवट्याला विचारून काय उपयोग?"

"दादा, बस कर ना," रुतिका म्हणाली.

"बोलू दे," क्रांती म्हणाली. "माझ्यामुळेच झालं."

"तुझ्यामुळेच," निकेश म्हणाला. तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. मग त्याने लॅपटॉप मिटला. "एवढी हुशार हायस, म्हनून राग येतो."

आबा त्यानंतर वाचनालयात आलेच नाहीत. किल्ली कमळाकरकाकांकडे होती. लोक यायचे, नाव शोधायचे, पुस्तक चटकन सापडायचं, आणि म्हणायचे, "वा, किती सोपं झालं!" क्रांतीला ते कानाखाली वाजवल्यासारखं वाटायचं. शाळेत ती पुन्हा मागच्या बाकावर बसायला लागली. बाईंनी विचारलं, "क्रांती, उत्तर?" तर मान खाली.

शेवटी रुतिकानेच तिला गाठलं, मधल्या सुट्टीत, डबा हातात. "ए शाणे. तू मला एकदा फोटो पाठवलेलास. त्या शेऱ्यांचा. माज्याकडे हाय अजून."

क्रांतीने फोन जवळजवळ हिसकावून घेतला. पडद्याचा फोटो, जरा वाकडा, मध्ये ट्यूबलाइटची पट्टी चमकलेली. पण तिरपी अक्षरं वाचता येत होती. जेमतेम दहा-बारा शेरे. शंकरपाळ्या होत्या. डास होते. गंगाराम मोरे होते. आणि अगदी खालचा मोठा शेरा उजव्या कडेला कापला गेला होता, कारण तेव्हा तिला फक्त वरचा डासांचा विनोद पाठवायचा होता.

*

त्या दुपारी ती आबांच्या घरी गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत दहा वेळा घोकलं होतं. दार उघडल्यावर त्यातलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. ती नुसती म्हणाली, "जय भीम आबा. थोडे मिळाले. फारच थोडे."

आबा दारातच उभे राहिले. त्यांना तिचा राग आला होता, आणि तो गेलेला नव्हता. हे तिला त्यांच्या जबड्यावरून कळलं. मग त्यांनी काठी घेतली.

क्रांतीने कमळाकरकाकांकडून किल्ली आणली. वाचनालयात दुपारची कोणी नव्हतं. क्रांतीने फोटोतले शेरे एकेक करून युनिकोडमध्ये टाइप केले, ज्याच्या त्याच्या ओळीत. आधी फाईलची कॉपी केली, तिला नवं नाव दिलं, आणि ते आबांना मोठ्याने सांगितलं. आबांनी हूं केलं. मग तिने बटण दाबलं.

"पुस्तक उत्तम. पण डास वाचत नाहीत," यंत्रातली बाई म्हणाली, एखादी बसगाड्यांची घोषणा करावी तशी.

"ती असं नव्हती बोलत," आबा म्हणाले. "'पण'वर थांबायची. समोरच्याला वाटायचं, आता कौतुक करणार."

"मी वाचू का?"

"नको. हिलाच वाचू दे. हिला निदान ठाऊक नाही काय वाचतेय ते."

गंगाराम मोऱ्यांचा शेरा झाला. मग खालचा, शेवटचा. पुस्तक होतं घरच्या घरी सुतारकामाचं.

"ह्यांना हे पुस्तक पुन्हा देऊ नये. मागच्या खेपेला ह्यांनी," बाई म्हणाली आणि थांबली.

"ह्यांनी काय?"

"फोटो तिथे कापलाय आबा."

"ह्यांनी म्हणजे मी." आबा पुढे वाकले. "मी काय केलं?" त्यांनी कपाळ चोळलं. "स्टूल केलं होतं. त्याचे पाय वरखाली होते. ते असेल? की मोरीचं दार? दार मी कापलं नि ते मग बसेना... पुढे किती मोठं आहे?"

क्रांतीने खराब झालेल्या फाईलीतली तीच ओळ काढली. "बरंच आहे. दोन वाक्यं असावीत. पहिल्यात एक आकडा आहे, तीन. आकडे तेवढे राहिलेत."

"तीन?"

"हो. प्रश्नचिन्हं, मग तीन, मग पुन्हा प्रश्नचिन्हं, आणि पूर्णविराम."

आबांनी तीन म्हणून बघितलं. तीन पाय? तीन फळ्या? पुटपुटता पुटपुटता त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या अंगठ्याकडे गेला. तिथे एक जुना पांढरा व्रण होता. त्यावर बोट फिरलं आणि ते थांबले.

"टाके," ते म्हणाले. "तीन टाके. करवत निसटली होती. वाशीला नेलं मला रिक्षातून. माझा अंगठा पदरात धरून बसलेली नि वाटभर रिक्षावाल्याला ओरडत होती, जसं काय त्यानेच कापलाय." ते हसले. हसता हसता आवाज ओला झाला. "लिही. तीन टाके घेतले."

"आजींच्या रकान्यात लिहू?"

आबा विचारात पडले. "नको. ते माझं झालं. तिने कसं लिहिलं होतं कोणास ठाऊक. बाजूला लिही."

क्रांतीने बाजूला लिहिलं.

"आणि दुसरं वाक्य?" आबांनी विचारलं. "टाक्यांनंतर काय म्हणाली?"

क्रांतीने पडद्याकडे बघितलं. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा लांब होतं. तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट ठेवत ठेवत तपासलं. मग पुन्हा एकदा. "आबा, त्यात आकडा नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

आबांनी अंगठा मुठीत धरला. खाडीकडून वारा आला, बोंबलांचा वास खोलीत शिरला. क्रांतीला वाटलं आता तरी ते रागावतील. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"वाचायला सांग हिला," आबा म्हणाले.

"आबा, नुसती प्रश्नचिन्हंच..."

"सांग."

तिने बटण दाबलं. "प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह," बाई म्हणाली, "प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह." शब्द संपला की ती किंचित थांबायची आणि दुसरा घ्यायची. आबा मान तिरकी करून ऐकत होते, जसं भिंतीपलीकडे चाललेलं बोलणं ऐकावं. अक्षर कळत नाही पण माणूस कळतो, अशा आशेने. वाक्य बरंच चाललं. मग पूर्णविराम.

"मोठं होतं," आबा म्हणाले.

"हो."

थोड्या वेळाने ते उठले. क्रांतीने खिडकी लावली, पंखा बंद केला. आबांनी तसबिरीला नमस्कार केला. मग त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला, हातात धरून उभे राहिले, आणि कम्प्युटरकडे न जाता तो तसाच पुन्हा खिशात ठेवला.

"चल," ते म्हणाले. "आज काही बदलायचं नाही. जिना दाखव."